माघारीची दवंडी

करंजगड नावाचं एक छोटंसं संस्थान होतं आणि तिथे म्हाळू नावाचा एक दवंडीवाला राहत होता. गोष्टी नेहमी राजांच्या सांगतात. पण राजा वाड्यात बोलतो आणि गावाला ऐकू येतो तो दवंडीवाल्याच्या तोंडून. तेव्हा ही गोष्ट राजाची असली, तरी आपण ती म्हाळूच्या पाठीपाठी चालत ऐकू.

म्हाळूचा बाप दवंडीवाला होता, आजाही दवंडीवालाच होता. घराण्यात एकच नेम पाळला जाई. वाड्यातून जे सांगितलं तेच गावात सांगायचं. पदरचं काही घालायचं नाही आणि सांगितलेलं काही गाळायचं नाही. त्यामुळे म्हाळूच्या डफावर थाप पडली की बायका चुलीवरचं भांडं खाली उतरवून दारात येत, म्हातारी माणसं काठी शोधत ओट्यावर येत. म्हाळू म्हणाला म्हणजे तसंच असणार, यावर गावात कधी वाद झाला नाही.

त्या काळी करंजगडावर थोरल्या महाराजांचं राज्य होतं. त्यांचं नाव निघालं की अजूनही जुनी माणसं बोलता बोलता थांबतात. थोरले महाराज काही देवमाणूस नव्हते. तापट होते, रागाच्या भरात वाटेल ते बोलून जात. कधी कधी हुकूमही असा काढत की कारभारी कपाळाला हात लावी. पण संस्थानात एक जुनी चाल होती आणि ती त्यांनी जन्मभर पाळली.

चाल अशी होती. हुकूम गावाला सांगायचा तो दवंडीवाल्यानं. पण दिलेला हुकूम चुकला, किंवा राजाच्या तोंडून भलता शब्द गेला, तर तो माघारी घ्यायला राजानं स्वतः जायचं. घोड्यावरून नाही, पायी. दवंडीवाल्याचा डफ आपल्या गळ्यात अडकवून. ज्यांना तो शब्द लागला त्यांच्या दारात उभं राहायचं आणि म्हणायचं, ‘मी अमुक बोललो होतो. चुकीचं बोललो. माघारी घेतो.’ मग त्या घरानं राजाच्या हातावर गुळाचा खडा ठेवायचा आणि तांब्याभर पाणी द्यायचं. पाणी पिऊन झालं की ती गोष्ट संपली. त्यानंतर ती उकरून काढायची नाही. राजानंही नाही आणि लोकांनीही नाही. याला माघारीची दवंडी म्हणत.

एकदा कुस्त्यांच्या फडात थोरले महाराज म्हणाले, “शिरसवाडीच्या मातीत पैलवान पिकत नाही, नुसती बडबड पिकते.” फड हसला. शिरसवाडीची पोरं मात्र खाली मान घालून घरी गेली. महाराजांना रात्रभर झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी भर उन्हात ते डफ घेऊन शिरसवाडीला निघाले. बरोबर तरुण म्हाळू होता आणि महाराजांचा सात-आठ वर्षांचा मुलगा होता. महाराजांना ताल असा नव्हताच. डफ एकीकडे आणि पाय दुसरीकडे. म्हाळूला हसू आवरेना आणि महाराजांसमोर हसताही येईना.

शिरसवाडीची माणसं दारात येऊन बघू लागली. राजा घामाघूम झालाय आणि डफ बेताल वाजवतोय हे पाहून सगळी वाडी हसायला लागली. महाराजांनी शब्द माघारी घेतला. एक म्हातारी पुढे आली, त्यांच्या हातावर गूळ ठेवत म्हणाली, “बोललात तवा घोड्यावर व्हता. आज पायी आलात. आता बसा जरा सावलीला.” महाराज बसले. संध्याकाळपर्यंत बसले. परत निघाले तेव्हा निम्मी वाडी वेशीपर्यंत पोचवायला आली होती.

काय दिवस होते ते. राजा चुकायचा आणि तरी राजाच वाटायचा. म्हाळूला तर तो दिवस कितीतरी वर्षं तसाच्या तसा दिसत असे.

पण वाडीच्या त्या हसण्यात म्हाळूला माया ऐकू आली होती, आणि छोट्या राजपुत्राला कुचेष्टा. परतताना तो बापाच्या पुढे पुढे चालत होता आणि वाटभर कुणाशी बोलला नाही.

पुढे थोरले महाराज गेले. राजपुत्र गादीवर बसला आणि लोक त्याला धाकटे महाराज म्हणू लागले. धाकटे महाराज बापासारखे तापट नव्हते, पण त्यांना बोलायची भारी हौस. आवाज खणखणीत, दिसायला रुबाबदार. सणावाराला मैदानात उभे राहून बोलायला लागले की लोक पोरांना खांद्यावर घेऊन ऐकायला जात. म्हाळूही जाई. बोलणं ऐकायला गोड वाटे. मागाहून विचार केला की मात्र त्यातलं काहीतरी खुपे.

गादीवर बसल्यावर पहिल्याच सणाला त्यांनी जाहीर केलं, “राजाचा शब्द माघारी फिरत नसतो. आजपासून करंजगडात माघारीची दवंडी बंद.” टाळ्या पडल्या. टाळ्या वाजवायला हात तेवढे लागतात.

शब्द माघारी घ्यायचा नाही म्हटल्यावर तो खरा करून दाखवण्याचं काम कारभाऱ्याकडे आलं. एकदा महाराज पाहुण्या राजाला सहज म्हणाले, “आमच्या राज्यात रात्री कुत्रं भुंकत नाही.” झालं. पाहुणा मुक्कामाला होता तोवर शिपाई काठ्या घेऊन रात्रभर कुत्र्यांमागे धावत होते. कुत्री भुंकायची थांबली, पण शिपायांच्या आरडाओरड्यानं गावाला झोप नव्हती. लोकांनी ते हसण्यावारी नेलं. म्हाळूही हसला. अजून कुणाला त्याची झळ बसली नव्हती.

गावाबाहेर तळ्याच्या काठी कौलारवाडी होती. तिथली माणसं तळ्याची माती खणत, तिची कौलं घालत आणि भट्टीत भाजत. करंजगडातल्या झाडून सगळ्या घरांवर त्यांचीच कौलं होती. त्यांचे आजे-पणजे कधीकाळी वरच्या खोऱ्यातून आले होते. पण ते कधी, हे त्यांनाही धड सांगता येत नसे. वाडीचा म्होरक्या राणबा हा म्हाळूचा लहानपणापासूनचा सोबती. डफाचं कातडं शेकून ताणलं की मगच त्यातून नीट आवाज निघतो. म्हाळू ते रोज सकाळी राणबाच्या भट्टीवर शेकत असे. डफ तापेपर्यंत दोघं चिलीम ओढत आणि थोरल्या महाराजांच्या आठवणी काढत.

एका वर्षी धाकट्या महाराजांच्या मनानं घेतलं की तळ्याच्या काठी बाग करायची. दसऱ्याच्या दिवशी मैदान भरलं होतं. महाराजांनी बागेची गोष्ट सांगितली. तेव्हा राणबा हात जोडून उभा राहिला आणि म्हणाला, “म्हाराज, बाग झाली तर माती कुठनं आणायची? आज्यापासनं आमी तिथंच खणतोय.”

सगळ्या लोकांत कुणी मध्ये बोलावं, हे महाराजांना रुचलं नाही. ते म्हणाले, “तुझा आजा वरच्या खोऱ्यातून आला. माती आमची आहे. आणि तुम्ही आमचे कधी झालात?”

मैदानात आधी थोडी कुजबुज झाली. मग पुढच्या रांगेतून टाळी पडली आणि तिच्यामागे बाकीच्या पडल्या. राणबा खाली बसला. म्हाळूनं त्याच्याकडे बघितलं नाही. त्याला बघवलं नाही.

दोन दिवसांनी हुकूम निघाला. कौलारवाडीनं दिवाळीच्या आत तळ्याचा काठ सोडावा, कारण ती माणसं वरच्या खोऱ्यातली आहेत, करंजगडची नाहीत. म्हाळूनं त्या दिवशीही डफ राणबाच्याच भट्टीवर शेकला. काय सांगायला निघालाय, हे त्यानं शेकताना सांगितलं. राणबा म्हणाला, “तुझं काम तू कर.” मग म्हाळूनं सगळ्या गावात दवंडी दिली आणि शेवटी राणबाच्या दारासमोर उभं राहून दिली. घराण्याच्या नेमाप्रमाणे त्यानं एक शब्द गाळला नाही. त्या रात्री त्याला भाकरी गेली नाही.

राजाचा शब्द म्हणजे राजाच्या तोंडातच राहतो असं थोडंच आहे. तो आता गावाच्या तोंडात आला. पाणवठ्यावर बायका कौलारवाडीच्या सुनांना म्हणू लागल्या, “तुमी मागनं भरा, आधी गावातल्यांचं होऊ द्या.” लहान पोरं खेळता खेळता ‘वरच्या खोऱ्याचे’ म्हणून ओरडू लागली. ज्यांच्या डोक्यावर त्या वाडीची कौलं होती, त्याच घरांत हे चाललं होतं. सांगायला लाज वाटते, पण झालं ते असं झालं.

कौलारवाडीनं बांधाबांध सुरू केली. नदीपलीकडच्या राजानं त्यांना जागा देऊ केली होती. म्हाळू राणबापाशी जाऊन बसला. म्हणाला, “कायतरी वाट निघंल. जाऊ नगा.”

राणबा म्हणाला, “जागेचं दुख न्हाई रे. माती दुसरीकडंबी गावंल. म्हाराज चार लोकांत म्हणाले, तुमी आमचं न्हाई. त्यांनीच चार लोकांत म्हणावं, तुमी आमचं हाय. एवढं त्यांच्या तोंडनं ऐकलं तर आमी गाड्या सोडतो. मग तळ्यापासनं लांब झोपड्या टाकून ऱ्हावं लागलं तरी चालंल.”

एका वाक्याचा तर प्रश्न होता. म्हाळूला वाटलं, एवढं वाक्य मी आणू शकतो. तो वाड्यावर गेला.

तोवर महाराजांचाही राग निवळला होता. नदीपलीकडच्या राजाकडून टोमणा आला होता की तुमची माणसं आम्हाला फार उपयोगी पडतील. राज्याची शोभा होत होती. महाराज म्हणाले, “ठीक आहे, म्हाळू. हुकूम रद्द करतो. बाग दुसरीकडे करू. त्यांना सांग, राहा म्हणावं.”

म्हाळू म्हणाला, “हुकूम रद्द झाला, बरं झालं म्हाराज. पर त्यो शब्द?”

“कोणता शब्द?”

“तुमी आमचं कधी झालात, ह्यो.”

म्हाळूनं धीर केला. गळ्यातला डफ काढून त्यानं समोर धरला आणि म्हणाला, “आपुन कौलारवाडीत चला. लई लांब न्हाई. थोरलं म्हाराज शिरसवाडीला गेलं व्हतं, तुमीबी संगं व्हता. आठवतं का?”

“चांगलं आठवतं,” महाराज म्हणाले. “लोक माझ्या बापाला हसत होते, म्हाळू. मी लहान होतो, बहिरा नव्हतो.”

“हसत व्हते म्हाराज. पर वेशीपत्तूर सोडायबी आलते.”

महाराजांनी डफाकडे पाहिलं. त्यांचा हात थोडा पुढे आलाही. म्हाळूनं तो आलेला पाहिला. मग त्यांनी हात मागे घेतला आणि खिडकीकडे तोंड केलं.

कारभारी इतका वेळ कोपऱ्यात उभा होता. तो खाकरला आणि म्हणाला, “महाराज, यात माघारीचा प्रश्नच येत नाही. आपण तसं बोललाच नाहीत. आपण म्हणालात, तुम्ही आमचेच आहात. दवंडी देताना याची काहीतरी गफलत झाली. यानंच गावात जाऊन तसं सांगावं. हुकूमही रद्द, शब्दही रद्द.”

महाराजांनी मान डोलावली. त्यांना फार मोकळं वाटलेलं दिसलं.

सगळं मैदान दसऱ्याला कान उघडे ठेवून बसलं होतं. आणि आता गफलत त्याची? त्यानं आयुष्यात दवंडीतून खोटं सांगितलं नव्हतं. बापानंही नाही, आज्यानंही नाही. पण डोळ्यांसमोर राणबाच्या दारात भरलेल्या गाड्या येत होत्या. आपल्या तोंडाला काळं लागलं तर लागलं, वाडी तर राहील. असं मनाशी म्हणत त्यानं डफ पुन्हा गळ्यात घातला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गावानं दवंडी ऐकली. “ऐका हो ऐका. म्हाराज तसं बोलले न्हाईत. म्हाराज म्हणाले, कौलारवाडीची माणसं आपलीच हायेत. हुकूम रद्द केलाय. सांगताना चूक झाली ती या म्हाळूची.”

टाळ्या वाजवणारेही तिथेच होते. लोकांनी नजरा खाली घातल्या आणि एकेक दार बंद झालं. म्हाळू तसाच कौलारवाडीत गेला आणि तिथेही त्यानं तीच दवंडी दिली. आवाज त्याचा त्यालाच ओळखू येईना.

राणबा बाहेर आला. त्यानं म्हाळूच्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाला, “माझ्यापायी खोटं बोललास.”

“तू ऱ्हा,” म्हाळू म्हणाला. “मग मला कायबी म्हणू दे लोकं.”

“कसा ऱ्हाऊ? म्हाराज चुकलो म्हणाले असते, तर आमी ते इसरून गेलो असतो. पर ते म्हणत्यात, आमी बोललोच न्हाई. म्हंजे आमी ऐकलं ते खोटं, आमाला लागलं तेबी खोटं. जो माणूस बोलल्यालं न्हाई म्हणतो, त्यो उद्या परत बोलायला मोकळा. तवा पुन्हा कुणाची तरी गफलत निघंल. दर येळंला तू कुठनं आणणार एवढं तोंड?”

दुपारी गाड्या निघाल्या. राणबाची म्हातारी आई गाडीत बसून करंजगडच्या घरांकडे बघत होती. कुठलं कौल कुणी घातलंय, हे ती नातवाला सांगत होती. गाड्या नदी ओलांडत होत्या त्या उतारापर्यंत म्हाळू गेला. राणबानं पलीकडून हात केला. एवढ्या वर्षांची सोबत, आणि ती अशी उतारावर संपली.

काही दिवसांनी म्हाळूला पुन्हा वाड्यावरून बोलावणं आलं. उद्या सकाळी तळ्याचं पाणी पाटाला सोडायचं होतं. शाळूला, म्हणजे रब्बीच्या ज्वारीला, पाण्याची गरज होती. लोकांनी शेतात पाणी घ्यायला पाटाची आपापली दारं मोडून वाफे तयार ठेवावेत, एवढंच सांगायचं होतं. साधी, सरळ आणि खरी दवंडी. म्हाळूला बरं वाटलं. निदान आज तरी आपल्या तोंडून खरं जाणार आहे.

तो गावात फिरला. डफ वाजत होता. पण चुलीवरचं भांडं खाली उतरवून कुणी दारात आलं नाही. एका दारात तेवढी काशाई उभी होती. बिनदाताची, कमरेत वाकलेली. हिनं म्हाळूला अंगाखांद्यावर खेळवलं होतं. तिनं सगळी दवंडी ऐकून घेतली आणि अगदी मायेनं विचारलं, “म्हाळू, लेकरा, हे खरंच हाय, का म्हाराजांनी सांगाय सांगितलंय?”

म्हाळू तिथेच उभा राहिला. तिच्या बोलण्यात कुजकेपणा नव्हता. तिला खरोखरच जाणून घ्यायचं होतं. पूर्वी या दोन गोष्टी एकच होत्या. थोरल्या महाराजांच्या काळात कुणा म्हातारीला हा प्रश्न सुचलाही नसता.

दुसऱ्या दिवशी पाणी सुटलं. पाट भरून वाहिला. शेतावर कुणी आलं नव्हतं, कुणी वाफे केले नव्हते. सगळं पाणी ओढ्याला मिळालं आणि शाळू कोरडाच राहिला.

महाराजांनी म्हाळूला बोलावून घेतलं. ते संतापले होते. “दवंडी दिली नाहीस?”

“दिली म्हाराज. गावभर दिली.”

“मग लोक का आले नाहीत?”

म्हाळूनं काशाईचा प्रश्न जसाच्या तसा सांगितला. एक शब्द गाळला नाही, पदरचा एक घातला नाही. महाराज हळूच म्हणाले, “मग तू तिला काय सांगितलंस?”

“कायच न्हाई म्हाराज. उत्तर माझ्याजवळ नव्हतं. म्हातारीनं माझं तोंड बघून इचारलं, पर सवाल तुमाला व्हता.”

त्यानं डफ काढून महाराजांच्या पायाशी ठेवला, मुजरा केला आणि तो निघाला. कुणी त्याला अडवलं नाही. नदीपलीकडे भट्ट्या लागल्याचं त्याला कळलं होतं. तिकडेच जायचं त्यानं ठरवलं होतं.

पायऱ्या उतरताना त्याला मागून महाराजांचा आवाज ऐकू आला. मैदानातला तो खणखणीत आवाज नव्हता. खूप वर्षांपूर्वी शिरसवाडीहून परतताना गप्प झालेला मुलगा आता बोलावा, तसा तो आवाज होता. “चुकलं माझं,” महाराज म्हणाले. “मी बोललो होतो. चुकीचं बोललो.”

म्हाळू थबकला. पण तो मागे वळण्याआधीच कारभाऱ्याचा घाईघाईचा आवाज आला.

“छे, छे, महाराज. आपण असं काही बोललाच नाहीत.”

तात्पर्य: सत्तेवर बसलेल्या माणसाकडून शब्द चुकला, तर त्यानं तो वेळेवर आणि स्वतःच्या तोंडानं माघारी घ्यावा. चूक कबूल केल्यानं मान जात नाही. ती दुसऱ्याच्या माथी मारली, की लोकांचा विश्वास जातो. मग त्याचं खरंही कुणी ऐकत नाही आणि त्याचा पश्चात्तापही कुणापर्यंत पोचत नाही.